सर्व्हर डाऊन आहे, ठीक. पण बॅकअप कुठे आहे?

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य ऐकलं नाही असा एक माणूस नागपूर जिल्ह्यात दाखवा. तलाठी कार्यालय, सेतू केंद्र, दुय्यम निबंधकाचं कार्यालय, रेशन दुकान, पतसंस्था, सगळीकडे हेच. पूर्वी "साहेब दौऱ्यावर आहेत" असायचं, आता सर्व्हर दौऱ्यावर असतो. आपण चिडतो, दोन शिव्या देतो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत लागतो. बहुतेक वेळा तो सर्व्हर उठतोही. म्हणून पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही: समजा नाहीच उठला तर?

तुमचा सातबारा, जन्माची नोंद, घरटॅक्सची पावती, मुलाची गुणपत्रिका, आत्याची एफडी, हे सगळं आता कुठल्या तरी डेटाबेसमध्ये आहे. कागद हळूहळू जातोय. जाऊ द्या, माझी तक्रार नाही. पण कागद गेला तर त्याची राखणदारी कोणी करायची, हा सार्वजनिक प्रश्न आहे. रस्ते आणि नाल्यांइतकाच. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. थोडं रांगेतल्या माणसासाठी आहे आणि थोडं काउंटरच्या पलीकडे बसणाऱ्या ऑपरेटर पोरासाठी, कारण शेवटी सगळं त्याच्याच गळ्यात पडतं.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. हिंगणा, बुटीबोरीत ज्यांचं युनिट आहे त्यांना आठवत असेल. २१ मार्च २०२१, रविवार. रात्री अडीचच्या सुमारास एमआयडीसीच्या यंत्रणेला आपोआप येणारे इशारे आले की ॲप्लिकेशन्स बंद पडली आहेत. दिवस उजाडल्यावर कळलं की 'सिनॅक' नावाचं रॅन्समवेअर शिरलंय. रॅन्समवेअर म्हणजे काय, तर तुमच्याच फायली तुमच्याच मशीनवर कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी खंडणी मागायची. महामंडळाची ॲप्लिकेशन्स काही खासगी कंपनीच्या क्लाऊडवर होती, काही स्वतःच्या सर्व्हरवर. दोन्हीकडच्या ॲप्लिकेशन आणि डेटाबेस सर्व्हरला लागण झाली. राज्यभरच्या कार्यालयांतले काही डेस्कटॉपसुद्धा गेले. मुख्यालय आणि १६ प्रादेशिक कार्यालयांचं ऑनलाईन काम अडकलं. प्लॉटचं हस्तांतरण, बांधकामाचा नकाशा, पाण्याचं बिल, सगळं थांबलं. पेपरात ५०० कोटींच्या खंडणीच्या बातम्या झळकल्या. महामंडळाने सांगितलं की चिठ्ठीत थेट रक्कम लिहिलेली नाही.

मला या प्रकरणात ५०० कोटींपेक्षा महामंडळाच्या खुलाशातलं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं, जे बहुतेक बातम्यांत खाली शेवटच्या परिच्छेदात गेलं. ते असं की ॲप्लिकेशन सर्व्हरचे बॅकअप क्लाऊड डेटा सेंटरमध्येच, पण नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेले होते आणि त्यांना लागण झाली नव्हती. बस. सगळी बातमी खरं तर तेवढीच. अँटिव्हायरस होता, त्याच्या यादीत हे नवं रॅन्समवेअर नव्हतं. बॅकअप त्याच नेटवर्कच्या त्याच भागात असते तर आज काय लिहावं लागलं असतं, देव जाणे.

पुढच्या वर्षी २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचं तेच झालं. पाच सर्व्हर, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद. देशातलं एक मोठं सरकारी रुग्णालय, आणि ओपीडीच्या नोंदी, रक्ततपासणीचे रिपोर्ट, भरती, डिस्चार्ज, सगळं हातानं कागदावर सुरू. रुळावर यायला दोन आठवडे लागले. तिथंही वाचवलं कोणी? लागण न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरने.

आता 'बॅकअप' हा शब्द आपण इतका सैल वापरतो की त्याचा अर्थच उडून गेलाय. मी कॉमर्सवाला नाही, पण आमच्या भागातल्या जुन्या दिवाणजींकडून एक गोष्ट शिकलो. हिशोबाच्या वह्या दोन प्रकारच्या. एक किर्द, ज्यात दिवसभर जे घडलं ते घडल्या क्रमाने लिहायचं: याचे आले, त्याला दिले. दुसरी खतावणी, ज्यात प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पान आणि त्याची आजची बाकी. खतावणी जळाली तर? दिवाणजी म्हणायचे, काही बिघडत नाही. मार्चअखेरची बाक्यांची यादी घ्या, त्यावर एक एप्रिलपासूनची किर्द ओळीनं चढवा, खतावणी पुन्हा तयार. किर्द जळाली तर मात्र मेलात.

डेटाबेस नेमका असाच चालतो. टेबल म्हणजे खतावणी. लॉग म्हणजे किर्द. कुठलाही धड डेटाबेस आधी किर्दीत लिहितो आणि मग खतावणीत. पूर्ण बॅकअप म्हणजे मार्चअखेरची यादी. समजा दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी कोणाच्या हातून चुकीचा आदेश गेला आणि सगळ्यांच्या बाक्या शून्य झाल्या. तुमच्याकडे कालच्या रात्रीचा पूर्ण बॅकअप आणि आजचे लॉग असतील तर ३ वाजून ९ मिनिटांपर्यंत सगळं परत आणता येतं. लॉग नसतील तर आजचा अख्खा दिवस गेला. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांनी आपल्या डेटाबेसचं 'रिकव्हरी मॉडेल' काय आहे ते आजच बघावं. 'सिम्पल' असेल तर तुम्ही शेवटच्या बॅकअपपर्यंतच परत जाऊ शकता, मधल्या मिनिटावर नाही. 'फुल' असेल तर लॉगचाही बॅकअप ठरावीक वेळाने घ्यावा लागतो. नाही घेतला तर लॉगची फाईल फुगत फुगत डिस्क भरून टाकते आणि एक दिवस सॉफ्टवेअर बंद. मग कोणी तरी शहाणा येतो आणि "ही फाईल लई मोठी झाली" म्हणून लॉगच उडवतो. किर्द जाळण्याचाच प्रकार. मायएसक्यूएलमध्ये याला बायनरी लॉग म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये वॉल. नावं वेगळी, वही तीच.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर विसरलो असतो. कळलं ते जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेत. नाव घेत नाही. मे महिना, पारा ४५ च्या वर, दुपारभर लाईट ये-जा करतेय. संस्थेच्या एकुलत्या एक सर्व्हरची, म्हणजे टेबलाखाली ठेवलेल्या साध्या पीसीची, हार्ड डिस्क बसली. माझ्या आत्याची तिथे एफडी आणि बचत खातं, म्हणून मी सोबत गेलो होतो. मॅनेजर बिचारा घामाघूम. म्हणे, "भाऊ, बॅकअप रोज घेतो ना आम्ही. डी ड्राईव्हमध्ये." आता सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे. कपाटाला आग लागली तर वरचा कप्पा जळाला आणि खालचा वाचला असं होत नसतं. एक पेनड्राईव्ह निघाला, त्यात मार्चअखेरची प्रत होती, ती पण ऑडिटरला द्यायची होती म्हणून घेतलेली.

मग त्या संस्थेने जे केलं ते बघण्यासारखं होतं. मार्चअखेरची प्रत नव्या मशीनवर चढवली. एक एप्रिलपासूनचे व्हाउचरचे गठ्ठे काढले, तारखेवार बांधलेले होते हे नशीब. दोन पोरी आणि एक पोरगा, तीन आठवडे सकाळी नऊ ते रात्री नऊ, प्रत्येक व्हाउचर पुन्हा भरत होते. दैनिक बचतीच्या एजंटांकडून त्यांच्या वह्या मागवल्या. सभासदांना निरोप गेले की पासबुक घेऊन या. रोजच्या रोज भरलेली शिल्लक त्या दिवशीच्या रोकड वहीतल्या शिलकेशी जुळते का ते बघायचं, जुळली की त्या तारखेवर टिक, नाही जुळली तर पुन्हा गठ्ठा सोडायचा. म्हणजे कागदी किर्द वापरून त्यांनी खतावणी उभी केली. बाहेर पासबुकवाल्यांची रांग, आणि रांगेत आमची आत्या. मला म्हणते, "पासबुक कायले जपून ठेवतो म्हणून हसत होता ना तू मले?"

हसत होतो खरा. पण माझा मुद्दा आत्याच्या पुढचा आहे. तेव्हा कागद होता म्हणून वाचले. आता त्याच संस्थेत पासबुक छापायचं मशीन धूळ खातंय, मोबाईलवर मेसेज येतो, एजंटाच्या हातात छोटं यंत्र आहे, व्हाउचर कमी झालेत. पुढच्या वेळी डिस्क बसली तर पोरी कुठला गठ्ठा सोडणार? आणि लक्षात ठेवा, पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं. तुमची एफडी म्हणजे एक पावती आणि त्या पीसीतली एक ओळ.

तर काउंटरच्या पलीकडच्या दोस्तांनो, आता थोडं तुमच्याशी.

आपल्याकडच्या छोट्या संस्थांत, दवाखान्यांत, शाळांत, जिनिंगमध्ये जे सॉफ्टवेअर चालतं त्यातलं पुष्कळसं एसक्यूएल सर्व्हरच्या 'एक्सप्रेस' आवृत्तीवर असतं, कारण ती फुकट आहे. फुकटच्या गायीला एक शिंग कमी आहे: वेळेवर आपोआप काम करणारा 'एजंट' तिच्यात नाही. म्हणजे कोणी हातानं बटण दाबलं तरच बॅकअप, आणि बटण दाबणारी मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेली की बॅकअपही रजेवर. उपाय आहे, अवघड नाही. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रोज रात्रीची वेळ लावून बॅकअपची छोटी स्क्रिप्ट चालवता येते. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला अर्ध्या तासाचं काम आहे. त्याला सांगा, आणि होईपर्यंत एएमसीचा चेक देऊ नका.

दुसरं, चालू असलेल्या डेटाबेसची फाईल कॉपी-पेस्ट करणं म्हणजे बॅकअप नव्हे. एक तर ती कॉपी होतच नाही, किंवा झाली तर अर्धवट अवस्थेतली होते. धावत्या बैलगाडीचं चाक काढल्यासारखं आहे ते. डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप आदेशानेच घ्या. मायएसक्यूएलवाले डंप घेत असतील तर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय लावा, म्हणजे सगळी टेबलं एकाच क्षणाची येतील. नाही तर जमा एका वेळचं, नावे दुसऱ्या वेळचं.

दोन डिस्क आरशासारख्या लावल्यात, एक गेली तर दुसरी आहे, असं सांगणारे भेटतात. किंवा दुसऱ्या सर्व्हरवर सेकंदा-सेकंदाला प्रत जातेय. चांगलंच आहे, ठेवा. पण तो आरसा आहे. तुम्ही मूळ टेबलातून चुकून पाच हजार ओळी पुसल्या तर आरशातही त्याच क्षणी पुसल्या जातात. बॅकअप म्हणजे कालचा फोटो. आरसा कितीही महागाचा घेतला तरी तो कालचा चेहरा दाखवत नाही.

आणि एक गोष्ट जी इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, आपल्या मराठीवाल्यांची खास. आम्ही पेपरवाले श्री-लिपी आणि कृतीदेवच्या काळातून आलेलो. फॉन्ट बदलला की अग्रलेखाचा चिनी मजकूर होताना पाहिलाय. डेटाबेसमध्ये याहून वाईट होतं. मराठी नावं साठवायचा रकाना चुकीच्या प्रकारचा असेल, किंवा प्रत घेताना-चढवताना अक्षरसंच चुकीचा लागला, तर 'ज्ञानेश्वर' चं '????????' होतं. फॉन्ट बदलून ते परत येत नाही, कारण खाली खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेलेली असतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठीसाठी 'एन-व्हारचार' प्रकारचा रकाना घ्या, मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८-एमबी-४'. आणि प्रत चढवून बघाल तेव्हा आकडे तर तपासाच, सोबत 'ज्ञ', 'श्र', 'कृ', 'ऱ्या' असलेली चार नावं उघडून बघा. आकडे बरोबर आणि नावं गायब अशी मतदारयादीसारखी यादी कोणाच्याच कामाची नाही.

प्रत चढवून बघाल तेव्हा, असं म्हटलं. खरी गोम तिथेच आहे. बॅकअप घेणारे शंभरात साठ भेटतील, घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघितलेले मला बातमीदारीच्या इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतके भेटले. हे फक्त आपल्या तालुक्याचं दुखणं नाही. गिटलॅब नावाची मोठी आंतरराष्ट्रीय कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रामर तिथे आपलं काम ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्याने थकून भागून, दुय्यम सर्व्हरवरचं समजून मुख्य सर्व्हरवरचंच डेटाबेसचं फोल्डर पुसलं. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपचे पाच-पाच मार्ग होते त्यांच्याकडे. एकही धड चालेना. डंप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती जुनी, डेटाबेसची नवी, म्हणून डंप रोज निमूटपणे फसत होता. फसल्याची सूचना देणारे ईमेल मध्येच अडवले जात होते, म्हणून कोणाला पत्ता नाही. शेवटी काय कामी आलं? एकाने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी सहज हाताने घेतलेली एक प्रत. मधल्या सहा तासांचं काम गेलं ते गेलंच.

पण त्या कंपनीचं एक मानलं. त्यांनी सगळं उघड लिहिलं, दुरुस्तीचं काम इंटरनेटवर लाईव्ह दाखवलं आणि त्या अभियंत्याला बळीचा बकरा केला नाही. आपल्याकडे अशा वेळी पहिली कारवाई कोणावर होते ते तुम्हीच सांगा. कंत्राटी ऑपरेटरवर. ज्याने हार्ड डिस्क मागितली होती आणि जिची फाईल वर्षभर लेखा विभागात पडून होती.

आता प्रत ठेवायची कुठे? जुना साधा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. नागपूरकरांना दुसऱ्या जागीचं महत्त्व मी सांगायची गरज नाही. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदी रस्त्यावर, मोरभवनच्या बसस्थानकात बसेस पाण्यात. दुसऱ्या दिवशी सीताबर्डी भागात तळमजल्यावरचे दुकानदार चिखलातून सीपीयू उचलून उन्हात वाळवत होते. ज्याची बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात होती, त्याची ती पण वाळत होती. फ्रान्समध्ये १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गच्या एका मोठ्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांना कळलं की आपले बॅकअप पण त्याच आवारात होते. आणि दक्षिण कोरियाचं तर ताजं. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या बॅटऱ्या हलवताना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं ठेवायची 'जी-ड्राईव्ह' नावाची व्यवस्था होती, ८५८ टेराबाइट. इतका मोठा साठा म्हणून बाहेर प्रत ठेवलीच नव्हती. गेलं सगळं. जगातलं सगळ्यात वेगवान इंटरनेट मिरवणारा देश बरं का हा.

आपणही जळून शिकलोय तसे. २१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग. चौथ्या मजल्यावरून वर गेली, माणसं गेली, फायली गेल्या. त्यानंतर 'ई-ऑफिस', 'ई-ऑफिस' चा घोष वाढला. पण कागदाची फाईल निदान मंत्रालयात जळाली तर जिल्ह्यात तिची एखादी कार्बन कॉपी सापडायची. एकाच सर्व्हरवरच्या फाईलला कार्बन नसतो.

म्हणून तुमच्या यूपीएसच्या खोलीत, सर्व्हरशेजारी, बॅकअपची डिस्क ठेवू नका. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, काही हजारांत येतात. एक आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरी. वापरात नसलेली दुसऱ्या इमारतीत, बँकेच्या लॉकरमध्ये, किंवा अध्यक्षांच्या घरी कुलपात, पासवर्ड लावून. आणि कॉपी झाली की डिस्क मशीनमधून काढा. लावून ठेवलेल्या डिस्कवर रॅन्समवेअर चालत जातं, तिला वेगळं आमंत्रण लागत नाही.

आणि घटना घडलीच तर पहिल्या तासात काय करायचं, हे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण तेव्हा डोकं चालत नाही. चुकून काही पुसलं गेलं तर सगळ्यांना काम थांबवायला सांगा आणि घड्याळात बघून वेळ लिहून ठेवा. काहीही दुरुस्त करायच्या आधी आहे त्या बिघडलेल्या स्थितीची प्रत आणि लॉगचा बॅकअप घ्या. जुना बॅकअप कधीही मूळ डेटाबेसच्या डोक्यावर चढवू नका. वेगळ्या नावाने, जमलं तर वेगळ्या मशीनवर चढवा, बेरजा जुळवा, मग बदला. खंडणीची चिठ्ठी स्क्रीनवर आली तर आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, स्क्रीनचा फोटो घ्या. पैसे भरायच्या गोष्टी नंतर. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोल वगैरेंनी चालवलेल्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आधी तिथे बघा. डिस्क टकटक वाजत असेल तर मशीन बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आणि गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्या मित्राला "फॉरमॅट मारून देतो" असं म्हणायची संधी तर अजिबात देऊ नका. मित्र प्रेमाने बोलतो. फॉरमॅट तरी फॉरमॅटच.

घटना लपवायची पण नाही. 'सर्ट-इन' या केंद्राच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. हे फक्त सरकारी कार्यालयांना नाही, कंपन्यांनाही आहे.

आणखी एक दुखणं, ज्यावर कोणी बोलत नाही: पासवर्ड कोणाकडे आहे? मला माहीत असलेल्या निम्म्या संस्थांत डेटाबेसचा मुख्य पासवर्ड फक्त सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडे असतो. एएमसीवरून भांडण झालं की तो म्हणतो, डेटा देत नाही. अहो, डेटा सभासदांचा, मशीन संस्थेचं, आणि किल्ली त्याची? करारात लिहून घ्या की डेटा संस्थेचा आहे आणि मागितला की वाचता येईल अशा स्वरूपात सात दिवसांत द्यायचा. पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत. रोजच्या कामाला मुख्य पासवर्ड कोणीच वापरायचा नाही, रिपोर्ट काढणाऱ्याला फक्त वाचण्याचा अधिकार द्यायचा. निम्मे अपघात इथेच थांबतात.

आता रांगेतल्या माणसाने काय करायचं? विचारायचं. माहितीच्या अधिकारात नगरपरिषद, महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ, महामंडळ, कोणालाही साधा अर्ज टाकता येतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नेमकं विचारा. सर्व्हर कुठला, पासवर्ड काय, सुरक्षेची व्यवस्था कशी, असलं विचाराल तर सुरक्षेचं कारण सांगून नाकारतील, आणि ते बरोबरही आहे. एवढंच विचारा की अमुक नोंदींचा बॅकअप प्रत्यक्ष चढवून बघण्याची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली, ती किती तासांत पूर्ण झाली, चाचणीच्या अहवालाची प्रत द्या. आणि कार्यालयाबाहेर प्रत ठेवली जाते का, हो की नाही. यात गुपित काही नाही. ज्यांनी चाचणी केलीय ते पाच मिनिटांत उत्तर देतील.

पतसंस्थेला माहितीचा अधिकार थेट लागू होत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा थालप्पलम निकाल तसा आहे. पण तुम्ही सभासद आहात ना? वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. दरवर्षी आपण जातो, लाभांश किती ते ऐकतो, आलुबोंडा खातो आणि परत येतो. या वर्षी आलुबोंड्याच्या आधी हात वर करा आणि हाच प्रश्न विचारा, उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावा. इतिवृत्तात आलं की पुढच्या वर्षी विचारता येतं.

अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. ज्यांना उत्तर येईल त्यांनी फोटो काढून मला पाठवा, कार्यालयाच्या नावासकट छापतो, चांगलं असेल तरी आणि वाईट असेल तरी. उत्तर नाहीच आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. अर्जाचा नमुना हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा, मराठीत टाईप करून ठेवलाय, युनिकोडमध्ये.